ओली फिल्म

“कुणासाठी?”

मास्तरांनी एवढंच विचारलं होतं. की “कशासाठी?” असं विचारलं होतं... धारप डॉक्टरांना आता शपथेवर सांगता येणार नाही. पंच्याहत्तरी उलटली की माणूस आपल्याच आठवणीची उलटतपासणी घेऊ लागतो, आणि ती साक्षीदार फार लवकर गडबडते.

त्या सकाळचं त्यांना पुष्कळ आठवतं. अंधारखोलीतल्या औषधाचा आंबट वास आठवतो. शिशाच्या एप्रनचं ओझं खांद्यांना आठवतं. पोरीच्या एकाच पायात पैंजण होतं, तेही आठवतं.

आठवत नाही तो एक आवाज.

यंत्राची घरघर झाली, हे पक्कं. तिच्यामागून खटका झाला का? कधी वाटतं, झाला. कधी वाटतं, रोज ऐकायची सवय, म्हणून न झालेलाही कानात बसला असेल.

तेव्हा जे पक्कं आहे ते आधी सांगावं.

साल सत्त्याहत्तर. श्रीनिवास धारप तेव्हा एकोणतीस वर्षांचे. मुंबईहून सुवर्णपदक घेऊन नगर जिल्ह्यातल्या एका धर्मादाय दवाखान्यात क्ष-किरण विभागाचे प्रमुख म्हणून आलेले. विभाग म्हणजे तीन खोल्या, एक यंत्र आणि शमुवेल रणपिसे.

रणपिसे सत्तावन्न वर्षांचे. शिक्षण मिशनच्या शाळेत मॅट्रिकपर्यंत. पण जिल्ह्यातले निम्मे एक्स-रे काढणारे त्यांच्या हाताखाली शिकलेले, म्हणून सगळा दवाखाना त्यांना मास्तर म्हणे.

डॉक्टरही मास्तर म्हणत. पण ते म्हणताना त्यांचा ओठ जरासा वाकडा होई. पदकवाल्यानं मॅट्रिकवाल्याला मास्तर म्हणायचं...

मोठ्या माणसांचे एक्स-रे मास्तर चारचौघांसारखे काढत. लहान पोर आलं की मात्र त्यांची तऱ्हा बदले.

फिल्म ज्या पत्र्याच्या डब्यात घालतात ती कॅसेट थंडगार असते. उघड्या छातीला लागली की पोर दचकतं, हलतं, आणि फोटो वाया जातो. म्हणून मास्तर ती आधी स्वतःच्या स्वेटरात घालून बसत. अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखे. तोवर पोराशी गप्पा.

मग यंत्राचा दिवा लावत. किरण जिथं पडणार तेवढ्या जागेवर उजेडाचा एक चौकोन पडे. यंत्राच्या दोन चकत्या फिरवल्या की तो लहानमोठा होई.

“हे तुझं घर,” मास्तर पोराला सांगत. “घराबाहेर जायचं नाही.”

आणि चकत्या फिरवून घर असं लहान करत की छातीपुरता उजेड राही. गळा बाहेर, पोट बाहेर.

“मास्तर, हा एक्स-रे विभाग आहे की बालवाडी?” डॉक्टर दारातून विचारत.

“दोन्ही, डॉक्टरसाहेब.”

मोठ्यांच्या फोटोला जी जाळी लावतात ती मास्तर पोरांना लावत नसत. जाळीनं फोटो उठावदार येतो, पण त्यासाठी किरण दुपटी-तिपटीनं द्यावे लागतात. मास्तर जाळी काढून ठेवत, किरण कमीत कमी देत, आणि फिल्म जरा भुरकट येई.

डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात एक फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि म्हणाले, “ही फिल्म आहे की पातळ ताक?”

“पोरांना ताकच सोसतं.”

“आणि ही चारी बाजूंची कोरी किनार? एवढी मोठी फिल्म, आणि मधे टीचभर छाती. बाकीची वाया.”

“वाया नाही, डॉक्टरसाहेब. तिथं काही गेलंच नाही.”

डॉक्टरांना हे उत्तर उद्धट वाटलं. 

आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती. फिल्म पेटीवर चढली की सगळे आधी आत बघतात, फुप्फुसं कशी, हृदय केवढं. मास्तर आधी कोरी किनार बघत. वर, खाली, डावी, उजवी. चारी बाजू नीट असल्या तरच त्यांची नजर आत जाई. डॉक्टरांना गंमत वाटे. लुगडं घ्यायला गेलेल्या बाईसारखा हा माणूस काठच बघत बसतो!

तो गुरुवार होता. शनिवारी पुण्यात डॉक्टरांची परिषद. तिथं धारप लहान मुलांच्या छातीतल्या क्षयावर निबंध वाचणार होते. अकरा फिल्मा जमल्या होत्या. बारावी एक देखणी मिळाली तर हवी होती.

आणि सकाळी गोदी आली.

चार वर्षांची. तीन आठवडे खोकला, बारीक ताप, अंगावर मांस नाही. आई कौसाबाई, तालुक्याच्या टोकाच्या वाडीवरनं पहाटेच्या गाडीनं घेऊन आलेली. आईलाच एप्रन चढवून मास्तरांनी पोरीला धरायला लावलं, घर दाखवलं, एक फोटो काढला आणि फिल्म धुवायला अंधारखोलीत गेले.

डॉक्टर दाराशी उभेच होते. पोरीच्या छातीला कान लावल्यापासून त्यांना वाटत होतं, ही बारावी.

दार उघडलं. मास्तर बाहेर आले. हातातल्या चौकटीला अडकवलेली फिल्म अजून निथळत होती.

“आणा इकडे.”

“वाळू द्या, डॉक्टरसाहेब.”

पण डॉक्टरांनी चौकट ओढून घेतली, फिल्म खाली कोपऱ्याशी चिमटीत धरली आणि खिडकीकडे केली.

“कडेला धरा,” मास्तर म्हणाले. “ओली आहे.”

तोवर अंगठा टेकला होता. त्या अंगठ्यावर लहानपणी अडकित्त्यानं झालेली एक तिरकी खूण आहे. फिल्मवरचा लेप ओला असताना सायीसारखा मऊ असतो. हे डॉक्टरांना माहीत होतं. पण त्या वेळी त्यांना सावलीच बघायची होती.

सावली धड दिसेना. पाण्याचे ओघळ, वरून खिडकीतलं ढगाळ आभाळ.

“परत काढा.”

मास्तरांनी चौकट त्यांच्या हातातून हळूच काढून घेतली.

“कुणासाठी?”

“रोग्यासाठी. आणखी कुणासाठी?”

डॉक्टरांच्या टेबलावर पुण्याच्या परिषदेची पत्रिका पडली होती. मास्तरांनी तिच्याकडे बघितलं असेल, नसेलही. डॉक्टरांना वाटलं, बघितलं.

“यात काय दिसत नाही, डॉक्टरसाहेब?”

“काहीच धड दिसत नाही. उजवीकडे डाग आहे की ओघळ आहे, कळत नाही.”

“वाळली की कळेल.”

“किती वेळ?”

“आज आभाळ आहे. दोन-अडीच तास.”

“मला तेवढा वेळ नाही.”

वेळ होता. पुण्याची गाडी दुसऱ्या दिवशीची होती. नव्हता तो धीर.

“आणि या वेळी जाळी लावा,” डॉक्टर म्हणाले. “पूर्ण फिल्म भरू द्या. किनारबिनार नको.”

“पोट उजेडात येईल.”

“एका फोटोनं काही होत नाही, मास्तर.”

“कितव्यानं होतं?”

या प्रश्नाला त्यांच्या कुठल्याच पुस्तकात उत्तर नव्हतं. पुस्तकं एवढंच म्हणत होती की लहान मुलाला मोठ्यापेक्षा जास्त बाधतं, आणि बाधलंच तर पुढे कित्येक वर्षांनी कळतं.

“ते कुणालाच सांगता येत नाही.”

“मीही तेच म्हणतो...”

दारातून कौसाबाईंनी डोकावलं. कडेवर गोदी.

“सायेब, मगा फोटू काढला न्हवं?”

“नीट आला नाही, बाई. परत काढायचाय.”

कौसाबाईंचा चेहरा पडला. “हलली का वं? म्या तर घट्ट धरली व्हती.”

“तुझं काही चुकलं नाही, माय,” मास्तर म्हणाले. “चांगली धरली होतीस.”

मग चुकलं कुणाचं, हे कौसाबाईंनी विचारलं नाही. डॉक्टरांच्या मात्र कानशिलात ते वाजलं, आणि त्यांच्या तोंडून पुढचं वाक्य निघालं. हे वाक्य त्यांना अक्षरशः आठवतं. अशी वाक्यं आठवण कधी हरवत नाही.

“मास्तर, तुमच्या नोकरीच्या मुदतवाढीचा कागद माझ्याकडे पडून आहे. मी अजून त्यावर काही लिहिलेलं नाही.”

फिल्मवरून फरशीवर पाणी ठिबकत होतं.

थेंब...

थेंब...

“बरं,” मास्तर म्हणाले. “पण इथली रीत ठाऊक आहे ना?”

“कसली रीत?”

“परत मागणाऱ्यानं धरायचं.”

डॉक्टर हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांनी आपले दोन्ही हात पुढे केले. नखं उभी चिरलेली, बोटांवरची कातडी जुन्या वहाणेसारखी कोरडी आणि चकचकीत. तरुणपणी एप्रन-हातमोजे नव्हते तेव्हा शेकडो पोरं त्यांनी याच हातांनी यंत्राखाली धरली होती.

“मी पुष्कळ धरली, डॉक्टरसाहेब. आता ज्याला फिल्म हवी, तो धरतो. सर्जनसाहेबांनी पण धरलंय. एकदा धरलं, नंतर फारसं मागितलं नाही.”

आता माघार घेणं म्हणजे मॅट्रिकवाल्यापुढे हार. डॉक्टरांनी खुंटीवरचा एप्रन काढून अंगात घातला. आठ महिन्यांत त्यांनी तो पहिल्यांदाच घातला होता. बंद चुकीचे बांधले. मास्तरांनी मागून सोडले आणि नीट बांधून दिले. शिशाचे हातमोजे जाडजूड, त्यात पोरीचा दंड सापडेना. डॉक्टरांनी ते काढून टाकले.

मास्तर मोज्यांकडे बघत राहिले.

आतल्या टेबलावर गोदीला निजवलं. आधीच्या खेपेला ती खुदखुदत होती म्हणे. आता आई दाराबाहेर, आणि वर अनोळखी चष्मेवाला माणूस. तिनं जो टाहो फोडला तो पार बाहेरच्या रांगेपर्यंत गेला.

डॉक्टरांनी तिचे दोन्ही दंड धरले. तळव्याखाली हाड लागत होतं. मासोळीसारखं पोर, एवढं एवढं... आणि हृदय कबुतरासारखं फडफडतंय. छातीच्या फिल्मा त्यांनी हजारांनी पाहिल्या होत्या. फिल्मखालचं पोर असं धरलं नव्हतं.

मास्तरांनी दिवा लावला. चकत्या फिरवल्या.

चौकोन मोठा झाला. हनुवटीपासून मांड्यांपर्यंत उजेडच उजेड. सांगितल्याबरहुकूम. आणि त्या उजेडात डॉक्टरांचे दोन्ही हात, मनगटापर्यंत.

डॉक्टरांनी आपल्या हातांकडे बघितलं.

“मास्तर, माझे हात येतायत.”

“येतात.”

“म्हणजे... चौकोन जरा आवरा.”

“पूर्ण फिल्म भरायची म्हणालात.”

“हो, पण हात...”

“किती आवरू?”

“माझे हात बाहेर राहतील इतका.”

मास्तरांनी चकत्या फिरवायला सुरुवात केली. उजेड डॉक्टरांच्या मनगटावरून सरकला, बोटांवरून सरकला. पोरीच्या मांड्यांवरून, पोटावरून, गळ्यावरून ओसरला. शेवटी छातीपुरता उरला. मघाचं घर.

“आता?”

“आता ठीक.”

मास्तर चौकोनाकडे बघत म्हणाले, “तिचं पोट मघापासून उजेडातच होतं. ती काही म्हणाली नाही...”

डॉक्टरांचे कान तापले. पोरगी रडत होती. रडण्याला ‘म्हणणं’ धरत नाहीत.

त्या घडीला ‘राहू दे’ असं म्हणता आलं असतं. दोनच शब्द. पुढे कित्येकदा, अंघोळीला बसल्यावर, बस सुटायची वाट बघताना, ते शब्द धारपांनी मनात म्हणून पाहिले. सहज म्हणता येतात.

मास्तर आडोशाच्या भिंतीमागे गेले. तिथल्या काचेतून त्यांचा नुसता चष्मा दिसत होता.

या यंत्राला दोन आवाज असतात. बटण अर्धं दाबलं की आतली चकती फिरू लागते, ती घरघर. घरघरीनं कुणाला काही होत नाही. बटण पुरतं दाबलं की खटका. किरण येतात आणि जातात ते त्या खटक्यात. अर्ध्यावर बोट थांबवून बटण सोडूनही देता येतं. आणि बटण कुठवर दाबलंय हे दाबणाऱ्यालाच ठाऊक.

“सांगा,” मास्तर भिंतीमागून म्हणाले.

गोदीनं हुंदका गिळला, आणि पुढच्या टाहोसाठी लांब श्वास घेतला. छाती भरली. फोटोला हाच क्षण लागतो.

“हं!” डॉक्टर म्हणाले.

घरघर झाली.

गोदीनं किंकाळी फोडली.

आणि त्या किंकाळीत... झाला की नाही?

“सोडा तिला,” मास्तर म्हणाले.

ते बाहेर आले. टेबलावरची कॅसेट काखेत मारून अंधारखोलीत गेले. दार लागलं. आत नळ वाहत राहिला. डॉक्टरांनी एप्रन उतरवला तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता. कौसाबाईंनी पोरीला उचललं आणि डॉक्टरांनाच म्हणाल्या, “दमलासा जणू, सायेब.”

दुपारी दोनच्या सुमारास मास्तरांनी पाकीट आणून टेबलावर ठेवलं.

डॉक्टरांनी फिल्म काढली, पेटीवर चढवली, दिवा लावला. आणि खुर्चीतून अर्धे उठले.

उजव्या बाजूला फुप्फुसाच्या मुळाशी फुगलेल्या गाठी. त्यांच्याखाली तळहाताएवढ्या छातीत नखाएवढा डाग. स्वच्छ. शंकेला जागा नाही. पोरीला कोणतं औषध द्यायचं आणि शनिवारी पुण्यात कुठलं चित्र दाखवायचं, दोन्ही एका नजरेत ठरलं.

“हे बघा, मास्तर! याला म्हणतात फिल्म. मागितलं म्हणून मिळालं.”

मास्तर मागं उभे होते.

“वाळल्यावर फिल्म चांगली दिसते, डॉक्टरसाहेब.”

“तुमचा हट्ट काही सुटायचा नाही,” डॉक्टर हसले. त्यांना आता प्रेम वाटत होतं. “जाळी लावलीत ना?”

“नाही.”

“बघा! आणि तरी केवढा फरक. ती पहिली टाकून द्या.”

“मी फिल्म टाकत नाही,” मास्तर म्हणाले, आणि बाहेर पुढचं पोर रडत होतं तिकडे गेले.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी मुदतवाढीच्या कागदावर लिहिलं, ‘स्पष्ट सूचना दिल्यास उत्तम काम करतात. मुदतवाढ द्यावी.’ लिहिताना आपण किती उदार आहोत असं त्यांना वाटल्याचं आठवतं.

पुण्यात बाराव्या चित्राला टाळ्या पडल्या. चित्र बनवणाऱ्यानं चारी बाजूंची कोरी किनार काळ्या कागदानं झाकून टाकली होती. सहा महिन्यांनी गोदी आली तेव्हा गाल भरले होते. कौसाबाईंनी पदराच्या गाठोड्यात भुईमुगाच्या शेंगा आणल्या होत्या. निम्म्या डॉक्टरांना, निम्म्या मास्तरांना.

पुढे धारप शिकवायला गेले. बावीस वर्षं त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयात क्ष-किरणशास्त्र शिकवलं.

त्या सकाळचं त्यांनी सगळंच टाकलं नाही. पहिल्याच तासाला ते विद्यार्थ्यांना उजेडाच्या चौकोनात हात ठेवायला लावत. “आता सांगा, चौकोन केवढा हवा?” पोरं हसत, हात मागं घेत, आणि शिकत. पण तास संपता संपता ते गोदीची फिल्म पेटीवर लावत, तिची नक्कल त्यांनी जवळ ठेवली होती, आणि सांगत, “मनासारखी नसेल तर परत मागा. संकोच करू नका. मागितलं म्हणून ही मिळाली.”

पोरं वहीत उतरवून घेत.

दोन हजार तीन साली त्या जुन्या दवाखान्यातून फोन आला. तिथल्या आताच्या तंत्रज्ञ, पारखे बाई. त्यांनी कधीकाळी धारपांचं व्याख्यान ऐकलेलं. नवी इमारत होत होती, जुन्या फिल्मा त्यांच्या लेपातली चांदी काढणाऱ्याला द्यायच्या होत्या.

“सर, तुमच्या व्याख्यानातल्या त्या मुलीची मूळ फिल्म हवी असेल तर या. मी बाजूला काढून ठेवलीय.”

धारप गेले. पाकीट तपकिरी पडलेलं. वर मास्तरांच्या टपोऱ्या अक्षरात नाव, गाव, तारीख.

आत एकच फिल्म.

त्यांनी पाकीट उलटं करून झटकलं. शेजारची पाकिटं बघितली. मास्तर फिल्म टाकत नाहीत. मग पहिली कुठं गेली? पारखे बाईंनी त्या वर्षाची नोंदवही आणली. गोदीच्या नावापुढे ‘परत’ या रकान्यात आडवी रेघ. धारपांना वाटलं, मास्तर लिहायचे राहिले असतील.

असेल. माणूसच तो.

त्यांनी फिल्म पेटीवर चढवली. त्याच गाठी, तोच डाग. नक्कल बघून बघून पाठ झालेली छाती. आता पाकिटात घालायची म्हणून त्यांनी ती काढायला हात पुढे केला...

आणि का कोण जाणे, त्यांनी किनार बघितली. वर. डावी. उजवी. खाली.

खाली उजव्या कोपऱ्यात, कोऱ्या जागेत, काहीतरी होतं. समोरून दिसेना. फिल्म उतरवून तिरक्या उजेडात धरली तेव्हा उमटलं. अंगठा. वाळून कायमचा झालेला. रेषा न् रेषा मोजता येईल असा. आणि त्या रेषांना आडवी छेदून गेलेली एक तिरकी खूण.

धारपांनी आपला अंगठा शेजारी धरला.

दोन वेळा ताडून बघितलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

ते ओल्या फिल्मला एकदाच हात लावून बसले होते. पहिल्या.

खटका झाला नव्हता. कान काहीही म्हणोत.

बाकावर बसून राहिले. वर्गातले चेहरे एकेक करून समोर येऊ लागले. कोण सोलापूरला गेला, कोण जळगावला, कुणी स्वतःचं केंद्र काढलं. सगळे हुशार. सांगितलेलं ऐकणारे.

“सर, पाणी देऊ?” पारखे बाईंनी विचारलं.

“रणपिसे मास्तर... आहेत?”

“आहेत ना. त्र्याऐंशी सरलं. चर्चच्या मागं घर आहे.”

मास्तर ओसरीवर खाटेवर बसले होते. चष्म्याची भिंगं पहिल्यापेक्षा जाड. धारपांना त्यांनी आवाजावरून ओळखलं.

“या, डॉक्टरसाहेब.”

धारप खाटेच्या कडेला टेकले. वाटेत पाठ केलेलं सगळं विसरले.

“मास्तर, त्या दिवशी तुम्ही बटण पुरतं दाबलंच नव्हतं.”

मास्तरांनी खाटेवर सरकून जागा करून दिली.

“मी ‘हं’ म्हणालो, आणि तरी तुम्ही...”

शेजारच्या अंगणात कुणीतरी धान्य पाखडत होतं. सूप वाजत होतं.

“बावीस वर्षं मी पोरांना शिकवलं, मास्तर. परत मागा म्हणून. तीच फिल्म दाखवून शिकवलं...” धारपांनी पाकीट मांडीवर घेतलं. “तेव्हाच मला सरळ का नाही सांगितलंत?”

मास्तरांनी हात पुढे केला.

धारपांनी पाकिटातून फिल्म काढून दिली. मास्तरांनी ती दोन्ही तळव्यांच्या मधे, नुसत्या कडांवर पेलली, आभाळाकडे धरली. आधी वर बघितलं. मग डावीकडे. उजवीकडे. खाली. कोपऱ्याशी फिल्म जराशी तिरकी केली, आणि नजर तिथं बराच वेळ थांबली.

“ओली होती, डॉक्टरसाहेब,” ते म्हणाले. “कडेला धरा म्हणालो होतो.”